आडवा पत्ता अडवतो का?

नियमकाकांना खुर्चीचं वावडं होतं. दर रविवारी खेळण्यांच्या दुकानावरच्या लांबट हॉलमध्ये पत्त्यांची स्पर्धा भरायची. माणसं टेबलांवर समोरासमोर बसून एकमेकांवर राक्षस, चेटकिणी आणि मंत्र सोडायची, आणि काका पंचाचं काळं जाकीट चढवून टेबलांच्या रांगांमधून येरझारा घालायचे, पायाला भिंगरी लावल्यासारखे. दुकान आणि हॉल ज्यांच्या मालकीचे होते त्या मालकीणबाईंनी एकदा पंचासाठी म्हणून मुद्दाम गादीची खुर्ची आणून ठेवली. काकांनी तिच्यावर डबा ठेवला, पाण्याची बाटली ठेवली, एकदा तर कुणाचं तरी रडणारं पोर ठेवलं, पण स्वतः कधी टेकले नाहीत.

हे पत्ते म्हणजे बदाम-इस्पिकाचे नव्हेत. इथे प्रत्येक पत्त्यावर एक चित्र, एक ताकद आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत तो पत्ता काय करतो ते लिहिलेलं. एकेकटा पत्ता गरीब गायीसारखा असतो. भांडण होतं ते दोन पत्ते समोरासमोर आले की. एक म्हणतो, माझा राक्षस कधीच मरत नाही. दुसरा म्हणतो, माझ्यासमोर येईल तो मरतो. आता राक्षस मेला की वाचला? दोन्ही खेळाडू आपापल्या पत्त्यावर बोट ठेवून लाल होतात, मग हात वर जातो, "पंच!" अशी आरोळी येते, आणि आरोळी विरायच्या आत काका तिथे उभे असतात.

आठवड्याचे बाकीचे दिवस ते दात बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवायचे, आणि काका एका इमारतीच्या मागच्या खोलीत प्लास्टरच्या धुळीत उभे राहून त्यावरून कवळ्या आणि कॅपा घडवायचे. कॅप केसभर जरी उंच झाली, तरी माणूस पहिल्याच घासाला शिव्या घालतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे मापाचं वेड त्यांच्या अंगात मुरलं होतं. राग तर नाकाच्या शेंड्यावरच. "साधारण" हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती.

पंचगिरीतही तेच. पंचाचा पहिला धर्म असा, की विचारलं तेवढंच सांगायचं. खेळाडूनं विचारलं, "हा मंत्र या राक्षसाला लागतो का?" तर "लागतो" किंवा "लागत नाही" एवढंच म्हणायचं. "अरे, पण त्या शेजारच्या राक्षसावर टाकलास तर जिंकशील" हे ओठांवर आलं तरी गिळायचं. ते सांगितलं तर तो पंच कसला, तो भिडू. काकांनी हा धर्म असा पाळला होता की काकूही थट्टा करायच्या. "यांना विचारलं, भाजी आणलीत का, तर म्हणतात, आणली. पिशवी बसमध्येच राहिली हे मी विचारायला हवं होतं!"

या वयात त्यांना या नादाला लावलं ते त्यांच्याच मुलानं. तो शाळेत असताना पत्त्यांचा एक डबा घेऊन आला, बापाला समोर बसवलं आणि डाव मांडला. बाप हरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरला. मग बापानं खेळायचं सोडून नियमांचं जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं, ते मुलाला त्याची चूक दाखवण्यासाठी. चूक काही सापडली नाही, पण पुस्तक पाठ झालं. पुढे मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, दुसऱ्या शहरात राहायला गेला आणि खेळ सुटला. बाप मात्र राहिला. "शिंगं मोडून वासरात शिरलेत," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि ते ऐकून काका मनातून खूशच व्हायचे.

बापलेकांचं बोलणं असं फारसं नव्हतंच. तब्येत, नोकरी, घरभाडं, लग्नाचं काय, हे सगळं आईच्या वाट्याचं. बापाला फोन यायचा तो मात्र एकाच वाक्यानं सुरू व्हायचा. "बाबा, एक प्रश्न." मग कुठल्या तरी दोन पत्त्यांचा गुंता. खेळत नसला तरी मुलाच्या डोक्यात ते किडे वळवळायचे, आणि असा काही गुंता तो आणायचा की काका हातातलं काम ठेवून खोलीभर फिरत उत्तर द्यायचे. तो उलट मुद्दा काढायचा, हे त्याचा मुद्दा खोडायचे, दोघंही हमरीतुमरीवर यायचे. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं आणि ते जायचं ते याच वाटेनं. दुसरी वाट कुणी पाडलीच नव्हती.

गुरुवारी दुपारी असाच फोन आला. काकांच्या एका हातात चिमटा, चिमट्यात कॅप, भट्टी तापलेली. त्यांनी फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला.

"बाबा, एक प्रश्न."

"बोल."

"आडवा पत्ता अडवतो का?"

काकांना हसू फुटलं. या खेळात पत्ता एकदा वापरला की आडवा करून ठेवतात. आडवा पत्ता म्हणजे दमलेला पत्ता. पुन्हा आपली पाळी येऊन तो उभा होईपर्यंत त्याला समोरच्याचा वार अडवता येत नाही. हा नियम पहिल्या डावातल्या पोरालाही येतो.

"अरे गाढवा, हे तूच मला शिकवलंस ना! नाही अडवत. आणखी काही?"

 "नाही. ठेवतो."

काकांनीही ठेवला, आणि कॅप भट्टीत सारली.

पण तेव्हापासून काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्या दिवशीची कॅप पिवळट निघाली, ती त्यांनी टाकून दिली आणि पुन्हा केली. शुक्रवारी एका कवळीचे दात एकीकडे झुकले. कशानं ते कळेना. खडा कुठे टोचतोय हे न कळताही माणूस लंगडतो, तसे ते दोन दिवस लंगडत होते. पोराचा आवाज भर दुपारी झोपेतून उठल्यासारखा का होता? शनिवारी संध्याकाळी त्यांनी फोन लावला, तो उचलला गेला नाही. रविवारी सकाळी जाकीट पिशवीत भरताना ते काकूंना म्हणाले, "पोरगं विसरभोळं झालंय. आडवा पत्ता अडवतो का, विचारत होता."

"मग सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"झालं तर," काकू म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

त्या रविवारी हॉलमध्ये काका नेहमीपेक्षा जास्त फिरत होते. दोन टेबलांवर उगाच डाफरले. एका पोरीनं पत्ता जरा तिरका ठेवला होता, तो आडवा की उभा यावरून तिला असं झापलं की मालकीणबाईंनी खालून चहा पाठवला आणि वर निरोप, की काकांना म्हणावं घोटभर घ्या आणि लोकांना जगू द्या. काकांनी चहा चालता चालताच प्यायला.

सेमीफायनलला एका टेबलावर नर्स बसली होती. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. हॉस्पिटलची ड्युटी संपवून ती सरळ हॉलमध्ये यायची आणि भल्याभल्यांना घरी पाठवायची. समोर टॅक्सीवाला. हा पत्त्यांपेक्षा माणसांचे चेहरे जास्त वाचायचा. समोरच्याची पापणी लवली तरी याला कळायचं की हातात काय आहे. टॅक्सीवाल्यानं सिस्टरच्या दगडी राक्षसावर आगीचा मंत्र टाकला होता. सिस्टरनं हात वर केला.

"पंच!"

काका पोचले.

"काका, या राक्षसाची ताकद चार आहे. आगीनं चार जखमा झाल्या तर तो मरतो का?"

"मरतो," काका म्हणाले, आणि वळले.

दोन पावलं गेले आणि थांबले. सिस्टर इतकी वर्षं खेळतेय. चारातून चार गेले की काय उरतं हे हिला माहीत नाही? हिनं विचारलं कशाला?

आणि लगेच उत्तरही आलं, कारण ते उत्तर हॉलमधल्या प्रत्येक जुन्या पंचाला माहीत असतं. याला खेळाडू "झाकणीचा प्रश्न" म्हणतात. खरा प्रश्न समोरच्याच्या देखत विचारता येत नाही. विचारला तर हातात कुठला पत्ता आहे ते त्याला कळेल. मग खेळाडू भलताच, बाळबोध प्रश्न विचारतो. त्याला उत्तर नको असतं, त्याला पंच जवळ यायला हवा असतो. शहाण्या पंचानं ते ओळखायचं आणि एक गोष्ट करायची, जी धर्माच्या आड येत नाही.

"सिस्टर, जरा टेबलापासून बाजूला या."

ती खिडकीपाशी आली. काकांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला नेमकं काय करायचंय?"

सिस्टरनं तळहाताआड एक पत्ता दाखवला. आपल्याच एका प्राण्याचा बळी द्यायचा आणि त्या बदल्यात दोन नवे पत्ते उचलायचे, असा तो मंत्र होता. "राक्षस मरणारच आहे. पण आग त्याला लागायच्या आधी मीच त्याचा बळी देऊ शकते का? की आता उशीर झाला?"

"नाही झाला. ताटांच्या चळतीत वरचं ताट आधी उचलतो ना आपण, तसं शेवटी पडलेला मंत्र आधी चालतो. तुमचा आधी. मग आग रिकाम्या जागी पडते आणि विझते."

सिस्टरनं मोठा श्वास सोडला. "थँक्यू, काका. बरं झालं तुम्ही विचारलंत."

ती टेबलाकडे गेली. काका खिडकीपाशीच राहिले. 

गुरुवारचा प्रश्न. ज्यानं तो नियम बापाला शिकवला त्यानंच विचारलेला. झाकणीच्या प्रश्नाचा याहून धडधडीत नमुना शोधूनही मिळाला नसता. आख्ख्या हॉलच्या मनातलं ओळखणाऱ्या या माणसाला आपल्या पोराचा एक प्रश्न ओळखता आला नव्हता! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! वर त्याला गाढव म्हणून फोन ठेवून दिला होता. काकांना स्वतःचा असा संताप आला की त्यांनी खिडकीच्या चौकटीवर मूठ आपटली. जवळच्या टेबलावरचे पत्ते हलले आणि दोन खेळाडू दचकले.

पंचांचे फोन स्पर्धा संपेपर्यंत गल्ल्याशेजारच्या खणात ठेवायचे असा रिवाज होता, आणि तो काकांनीच पाडला होता. त्यांनी खाली जाऊन खण उघडला, फोन काढला आणि जिन्यात उभं राहून मुलाला लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग काकूंना.

"अगं, तो तुला काय म्हणाला इतक्यात? नीट सांग."

"काय म्हणणार? ठीक आहे, जेवलो, काम खूप आहे. दोन मिनिटांत आटपतं. का हो?"

"एवढंच? नोकरीचं, मित्रांचं, काही?"

"माझ्याशी कुठे बोलतो तो! तुमच्याशी तासतासभर बोलतो म्हणून मी निर्धास्त असते. तुम्हाला सांगत असेल सगळं."

"मला?" काकांचा आवाज चढला. "मला तो राक्षस सांगतो! चेटकिणी सांगतो! मला वाटायचं खरं काय ते तुला सांगतो."

 इतकी वर्षं नवरा-बायको एकमेकांच्या भरवशावर राहिले होते आणि पोरगं मधल्या मध्ये अळीमिळी गुपचिळी. मग काकू अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तुम्ही जा तिकडे."

काका वर आले ते जाकिटाची बटणं सोडतच. फायनल लागत होती. सिस्टर टॅक्सीवाल्याला हरवून मधल्या टेबलावर येऊन बसली होती. मालकीणबाई आडव्या आल्या. "काका, घंटा देतेय. हे काय, निघालात कुठे?"

काकांनी जाकीट त्यांच्या हातात दिलं. "तुम्ही बघा."

"मी? मला यातलं ओ की ठो कळत नाही!"

"पत्त्यावर लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. त्यानंही नाही सुटलं तर नाणं उडवा."

नियमकाका म्हणतात नाणं उडवा! आख्ख्या हॉलच्या माना वळल्या. टॅक्सीवाल्यानं मात्र एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही न विचारता उठला आणि म्हणाला, "चला, स्टँडवर सोडतो."

बसमध्ये जागा होती, पण काका दांड्याला धरून उभे राहिले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. रस्ताभर त्यांच्या मनानं एकेक चिंतलं. आजार. अपघात. कुणी फसवलं. त्याहून वाईट एक होतं, ते मनात आलं की ते खिडकीबाहेरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचू लागायचे. शेजारच्या बाईंनी पिशवी पोटाशी धरून सीट बदलली. काकांना त्याचं काही नव्हतं. पोरानं दार उघडावं एवढंच त्यांना हवं होतं. नियम, माप, अब्रू, सगळं त्यावरून ओवाळून टाकायला ते तयार होते.

मुलाच्या दाराबाहेर वर्तमानपत्रं साचली होती. घंटा वाजवली. आत सामसूम. फोन लावला, तर तो दाराच्या पलीकडे वाजताना ऐकू आला, आणि कुणीतरी तो बंद केला.  वाजणारा फोन बंद करणारा माणूस जिवंत असतो, एवढा नियम त्यांना त्या क्षणी पुरेसा होता.

"दार उघड," ते म्हणाले. ते हुकमासारखं वाटलं म्हणून पुन्हा म्हणाले, "उघडतोस का?"

"बाबा? तुम्ही कसे?"

"बसनं."

कडी सरकली. पोरगा दारात उभा होता. दाढी वाढलेली, अंगात चुरगळलेला शर्ट, गाल बसलेले. मागे पडदे ओढलेली खोली, खुर्चीवर कपड्यांचा ढीग, फरशीवर कप. उजेड नको असल्यासारखा तो डोळे बारीक करून बापाकडे बघत होता.

"मी कामावर जात नाहीये," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. काय झालं म्हणाल तर काहीच झालं नाही. सकाळी ठरवतो की उठायचं, आणि संध्याकाळ होते. उठवतच नाही, बाबा."

"हे बघ, आधी तू आंघोळ कर, मग ऑफिसला कळव, मग डॉक्टरकडे..." काकांनी सवयीनं निकाल द्यायला सुरुवात केली, एकामागून एक, चळतीतल्या ताटांसारखा. पोरगा मान डोलवत होता. त्याचं मान डोलवणं इतकं निर्जीव होतं, की काका वाक्य अर्धंच टाकून थांबले. त्यांनी कपड्यांचा ढीग उचलून पलंगावर टाकला आणि त्या खुर्चीत बसले.

"गुरुवारी तुला काय म्हणायचं होतं?"

पोरगा पलंगाच्या कडेवर बसला. "मला न्यायला या, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून पत्ताच निघाला. तुम्ही हसलात, मग मलाही वाटलं, काय हा वेडेपणा. एवढा मोठा घोडा मी."

काकांना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही. बापाला रडताना पोरगा पहिल्यांदाच पाहत होता. तो गडबडून गेला आणि खोलीत काहीतरी शोधायला लागला, रुमाल असेल किंवा पाणी असेल. सापडलं काहीच नाही, तेव्हा त्यानं पलंगावरच्या ढिगातला आपला एक शर्ट पुढे केला. काकांनी त्याला नाक पुसलं.

"चल," ते म्हणाले. "आई वाट बघतेय. बॅग राहू दे. पायात घाल काहीतरी."

एक बूट दाराशीच होता. दुसरा मिळेना. शेवटी दोघंही गुडघ्यांवर बसून पलंगाखाली डोकावले, बाप या बाजूनं, लेक त्या बाजूनं. खाली अंधार होता, धूळ होती, एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते.

"बाबा, मी सरळ विचारलं असतं तर?"

"तर कॅप भट्टीत तशीच टाकून आलो असतो."

"मग चूक माझीच. विचारायला हवं होतं."

काकांचा हात बुटाला लागला. त्यांनी तो ओढून घेतला, पण लगेच बाहेर आले नाहीत. "सरळ विचारण्याचं बळ असतं," ते तिथूनच म्हणाले, "तर तुला न्यायला यावं कशाला लागलं असतं? ओळखायचं काम माझं होतं. हा घे बूट."